गार्डरूममधली किल्ली

चहा घे, आमच्या आप्पांच्या फौजी डोक्याचं सांगतो. साताऱ्याच्या घराला ग्रिल बसवताना बेडरूमच्या खिडकीचं ग्रिल आतून उघडेल असं मी भांडून करून घेतलं. आग लागली तर बाहेर पडायला नको?

"चोराला दार ठेवतोस व्हय रं?" म्हणत रिटायर सुभेदारांनी त्याला कुलूप ठोकलं. किल्ली टांगली कुठं, तर पुढच्या दाराशी!

"आप्पा, किल्ली इथं पाहिजे."

"पलटणीत सगळ्या किल्ल्या गार्डरूममध्येच असतात. कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये."

परवा दुपारी हॉलमधला इन्व्हर्टर पेटला. आई, आप्पा आणि मी बेडरूममध्ये अडकलो. दाराखालून धूर आत यायला लागला. आप्पा ओरडले, "किल्ली!"

"गार्डरूममध्ये हाय," मी म्हणालो. "पण तुमी सकाळी फिरायला गेला तवा कुलूपच काढलंय मी. ढकला."

आधी आई बाहेर पडली, मग आप्पा, मग मी.

आग विझल्यावर शेजारच्या हवालदारकाकांनी विचारलं, "सुभेदारसायेब, सुटला कसं?"

मला वाटलं, आता म्हातारा सगळं श्रेय लाटणार. तर म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या ग्रिलचं कुलूप आधी काढा. आमचं पोरगं सांगतंय."