एकाच फोनवर चालणारं ॲप

कुलपाचं मला सांगू नका, मी घालून बसलोय! जर्मनीतून शिकून आलो ते आपल्या माणसांसाठी काही करायचं म्हणून. विट्याच्या गलाईवाल्यांसाठी, म्हणजे देशभर सोनं गाळणाऱ्या आपल्याच लोकांसाठी, वजनावरून सोन्याचा कस, म्हणजे शुद्धता, काढणारं ॲप बनवलं. महिन्याभरात त्याच्या फुकट कॉप्या केरळपर्यंत पोचल्या. मग तीन महिने खपून असं कुलूप घातलं, की ॲप घेतलेल्या एकाच फोनवर चालेल. आता विकलं नाही तर धंदा बंदच करायचा होता.

एकट्या बापूंनी घेतलं. गलाईतून निवृत्त होऊन ते गावी बसलेत. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"तुझं कुलूप लय भारी हाय. कुनालाच तुटंना."

"मग तुमची गलाईतली भावकी विकत घेईल ना, बापू?"

"कशाला? समदी मलाच फोन करत्यात. ती वजन सांगत्यात, मी कस सांगतो."

"अहो बापू, ही चोरीच झाली!"

"चोरी कसली रं? कॉपी केली का कुनी? उलट माझंच जेवान ऱ्हातंय. तेवढं ॲपलाच फोन उचलायला शिकव की!"