जाताना शिवगंगाच्या घरावरून जा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे ज्येष्ठ वडील माननीय गौरीशंकरमामा, धाराशिवहून आवर्जून आलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पाळक रेव्हरंड श्रीमंत कसबेसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईसाहेब, आणि ढोकी मंडळीतल्या माझ्या माता-भगिनी, बंधूंनो, सर्वांना प्रभूच्या नावानं सलाम.

महिला मंडळातर्फे दोन शब्द बोलायचं काम मामांनी माझ्याकडं दिलं. देताना म्हणाले, "ज्ञानेश्वरी, जरा गोड बोल." मामा, आपलं गाव साखर कारखान्याचं. इथं गोडाला काय तोटा? मघापासून माझ्या आधीच्या वक्त्यांनी पोती रिकामी केली आहेत. ते म्हणाले त्यातलं काहीच खोटं नाही. साहेबांनी देवळाचे गळके पत्रे बदलून घेतले, शब्बाथ शाळा पुन्हा सुरू केली, करोनात लोक एकमेकांच्या दारात जायला भीत होते तेव्हा हे धान्याची पिशवी घेऊन दारोदार फिरले. माझ्या आईच्या मातीला भर पावसात छत्री न घेता उभे होते. मी विसरलेली नाही, म्हणून आधी हात जोडते.

आता दुसरं बोलते. मामा, माझ्याकडं बघून मान हलवू नका. शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेली बाई आहे मी, खाणाखुणांनी गप्प बसत नाही.

नंदीश माझा धाकटा भाऊ. उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. हंगामाच्या सणाला आपल्या देवळाच्या दारात उसाची कमान व्हायची, ती तोच बांधायचा. त्याला टीबी झाला. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, इकडं मंडळीनं उपवास-प्रार्थना धरली. खोकला कमी झाला, भाकरी गोड लागू लागली. आम्हाला आनंद झाला, का नाही होणार?

त्या रविवारी साहेबांनी त्याला साक्ष द्यायला पुढं बोलावलं. पाहुण्यांसाठी सांगते, आपल्याकडं ही जुनी रीत आहे. देवानं जे भलं केलं ते माणसानं उभं राहून चारचौघांत सांगायचं. रीत चांगलीच आहे. पण त्या दिवशी साहेबांनी त्याचा हात वर धरून विचारलं, "सांग नंदीश, कुणी बरं केलं?" तो म्हणाला, "प्रभूनं." टाळ्या, हालेलुया, ढोलकी! गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. आणि अजून तो पूर्ण बरा व्हायचा होता, हेही कुणी बोललं नाही.

त्या दिवसापासून त्या गोळ्या घरात चोरीच्या मालासारख्या झाल्या. घरच्या प्रार्थनेला येणारी माणसं कोनाड्यातलं पाकीट बघायची आणि म्हणायची, "साक्ष दिली नव्हं? मग ह्या कशाला? देवावर भरोसा न्हाय व्हय?" नंदीश मानी माणूस. दिलेली साक्ष खोटी ठरायला नको म्हणून त्यानं गोळ्या बंद केल्या. कोर्स अर्ध्यात सुटला.

साहेब, गोळ्या सोड असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. हे मी देवासमोर खरं सांगते. पण चालू ठेव, असंही एकदा म्हणाला नाहीत. म्हणाला असता तर साक्षीची चमक उतरली असती ना?

रोग उलटला. धाराशिवच्या दवाखान्यात तो गेला. आणि मातीच्या वेळी, हातात मूठभर माती घेऊन त्याची बायको शिवगंगा उभी असताना, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "घरातल्या माउलीचा विश्वास डळमळला नसता, तर प्रभूनं आरंभलेलं काम पुरं केलं असतं."

मला राग आला होता. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही. हा कुठला देव सांगितलात तुम्ही? बाईचा विश्वास काट्यावर तोलायचा आणि चिमूटभर कमी भरला म्हणून तिचा नवरा उचलून न्यायचा? आमचा बाजारातला भुसारवालासुद्धा चिमूटभरासाठी गिऱ्हाईक परत पाठवत नाही! शुभवर्तमानातलं लाजराचं मरण आठवा. त्याच्या दोघी बहिणी येशूला तोंडावर म्हणाल्या, तू वेळेवर आला असतास तर आमचा भाऊ मेला नसता. केवढा ठपका! तेव्हा येशूनं त्यांचा विश्वास मोजला का? तो रडला. तुम्ही रडला नाहीत साहेब, तुम्ही कारण सांगितलंत.

ईयोबाचे मित्रही असेच शहाणे. लेकरं, धनदौलत, तब्येत सगळं गमावून राखेत बसलेल्या माणसाला कारणं सांगत होते, तुझंच काही चुकलं असेल म्हणत होते. त्यांना वाटत होतं, आपण देवाची बाजू घेतोय. ईयोब मात्र देवाशी भांडत होता, त्याला जाब विचारत होता. शेवटी देव कुणावर रागावला? भांडणाऱ्यावर नाही. आपली वकिली करणाऱ्यांवर! साहेब, या वचनावर तुमचा उपदेश मी कधी ऐकला नाही.

आता हे सगळं आज का उकरते, असं काहींना वाटत असेल. माणूस गेला, साहेबही चालले, झालं गेलं विसरा. विसरले असते. पण शिवगंगाला आता तोच खोकला लागला आहे. तपासणीत टीबी निघाला. आशाताईंनी गोळ्या घरी आणून दिल्या. पाकीट जसंच्या तसं पडलं आहे. मी ओरडले तेव्हा मला म्हणाली, "वन्सं, देवानं दिलेली शिक्षा हाय ही. गोळी खाऊन चुकवू व्हय?"

म्हटलं, "कुणी सांगितलं तुला?"

"पाळकसाहेबांनी. मातीला सगळ्यांदेखत सांगितलं की."

डॉक्टरांनी समजावलं, मी पाया पडले. ती म्हणते, "तुमचं बरोबर असंल, पर त्यांनी देवाच्या नावानं सांगितलंय." पोटची पोर तिनं माझ्याकडं पाठवून दिली आहे. मी म्हटलं, रोग लागू नये म्हणून पाठवलीस ते बरं केलंस. तर म्हणते, रोग नव्हं वन्सं, शिक्षा लागू नये म्हणून.

असं आहे साहेब. तुमचं सामान ट्रकमध्ये चढलं, उद्या तुम्ही लातूरला रुजू व्हाल. पण ते एक वाक्य आमच्या घरात राहिलं आहे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाच्यानं हलत नाही. म्हणून महिला मंडळाची विनंती, खरं तर माझाच हट्ट, की आज जाताना शिवगंगाच्या घरावरून जा. तिला आशीर्वाद द्यायला जाऊ नका, आशीर्वाद पुष्कळ झाले. ईयोबाच्या मित्रांना देवानं काय सांगितलं होतं? ज्याला दुखवलंत त्याच्याकडं जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करील आणि त्याचीच मी ऐकेन. तसंच करा. तिच्या उंबऱ्यात बसा आणि म्हणा, "बाई, मी देवाविषयी चुकीचं बोललो. माझ्यासाठी प्रार्थना करा." ती करील. मनानं फार चांगली आहे. मग गोळी मी काढून देते, पाण्याचा तांब्या तुम्ही द्या.

अध्यक्षांनी मला मध्ये थांबवलं नाही, त्यांचे आभार. पाहुण्यांनी आणि मंडळीनं जेवणाचा वास येत असतानाही ऐकून घेतलं, त्यांचे आभार. बाईसाहेब, तुमच्या डोळ्यांत पाणी आणलं, मला क्षमा करा. आवाज चढला असेल, मानपानात काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. पण बोललेलं मी मागं घेणार नाही. मागं घ्यायचं वाक्य आज एकच आहे, आणि ते माझं नाही.