आठ इंची रंधा

सकाळी अकरा वाजता अवजारांच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे सुतार आणि त्यांची मुलगी उभी होती. घरातल्या एका खोलीत थाटलेल्या कारखान्यासाठी त्यांना फळ्या सपाट करायचं रंधा मशीन हवं होतं.

"सहा इंची बास. खोली केवढी, तुझी हौस केवढी!"

"बाबा, आईच्या पलंगाच्या फळ्या साडेसात इंच रुंद आहेत. त्यांचंच टेबल करायचंय."

"मधून चिरायच्या, रंधा मारायचा, परत जोडायच्या."

"अखंड फळी चिरतो तो सुतारच नव्हे, असं कोण म्हणायचं?"

"कोण?"

"तुम्ही. माझ्या हातावर पट्टी मारून."

"अहो दुकानदार, आठ इंची काढा! आणि हसू नका, माझ्याच हाताखाली शिकलीय ती!"

बारा वाजता मशीन टेम्पोत चढलं. खोलीचं दार किती रुंद आहे, हे तोवर दोघांपैकी कुणीच मोजलेलं नव्हतं.