पाळीचा ताप आणि भागूबाईची सून

मंडळी, एक सांगा. वैरी वेशीवर असला तर दार लावता येतं. पण तो आधीच आत येऊन बसला असेल तर? कडी कोणाला घालायची? — अहो मागच्या मावशी, जांभई नंतर, आधी ऐका!

भाताच्या मुलखातलं गाव. तिथली भागूबाई आणि तिची सून कौसा. कौसा पोटुशी, त्यात तिला हिवताप! एक दिवसाआड दुपारी हुडहुडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. पण मधला दिवस बरा गेला, की भागूबाई म्हणायची, गेला ताप. कशाला पोरीला कडू गिळायला लावा? माया हो, दुसरं काय!

आणि गावची रीत — तापाची पाळी चुकवायची! त्या दिवशी आजाऱ्याला दुसरीकडे लपवायचं. ताप येतो, माणूस सापडत नाही, परत जातो. भागूबाईनं कौसाला शेजारच्या गोठ्यात नेऊन बसवलं. आणि स्वतः? सुनेचं लुगडं नेसून तिच्या अंथरुणावर निजली. न्यायचं तर मला ने, म्हणाली. हसताय? तुमच्यासाठी असं कोण निजलंय, सांगा!

दुपारी गोठ्यात कौसा थडथडायला लागली. पोटातलं मूल हलेना. शेजारीण धावत जाऊन नर्सबाईंना घेऊन आली. भागूबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. "मी तर त्याची वाट अडवून निजले होते. मग हा आला कुठून?"

"आजी, तो आज आलाच नाही. तो आतच आहे."

डास चावला तेव्हाच शिरला, नर्सबाई म्हणाल्या. एका पेशीचा जीव, डोळ्यांना दिसतही नाही. रक्तातल्या तांबड्या पेशीला चिकटतो, तोंड तिच्याकडे वळवतो, स्वतःजवळचा गळासारखा आकडा तिच्यातच रोवतो आणि त्याला धरून आत सरकतो. सरकताना तिचंच कातडं अंगावर ओढून घेतो! आत बसून खातो, एकाचे अनेक होतात, पेशी फोडून बाहेर पडतात — तेव्हा ताप. आणि मधल्या दिवशी? अहो, मधल्या दिवशी तो जेवत असतो!

भागूबाईनं डोळे पुसले. "मला नाही ना जाता येत तिथं?"

"नाही. गोळी जाते. बरी असेल तेव्हाही द्या."

गोळी पोटात गेली, ताप उतरला, तसं बाळ हललं. पुढे कौसा तोंड फिरवायची, आज बरं आहे, राहू द्या म्हणायची. भागूबाई तिची हनुवटी धरायची. "बरी आहेस म्हणूनच घे, बाळा." नात झाली, गुटगुटीत!

मंडळी, आपला राग निराळा का हो? आत बसतो आणि आपण म्हणतो, माझा स्वभावच तसा! एक दिवस ओरडलो नाही, की वाटतं सुटलो. त्यावरची गोळी म्हणजे देवाचं नाम, ते मग उद्यावर टाकतो. आज घरात कोणावर ओरडला नाहीत ना? छान. मग आजच म्हणा — राम कृष्ण हरी!