साबणाचं बूच

बसा हो ताई, बसा — बोट काय पळून चालली आहे का? आणि चालली तर चालू दे, समुद्र इथंच आहे, तुम्ही रविवारी घरी गेलात तरी तो इथंच पडून असणार. टोपी काढून ठेवा आधी. चादर बदलायची आहे मला. हो, काल बदलली होती, मीच बदलली होती, तरी आज पुन्हा बदलायची. कुणी सांगितलं? मी सांगतेय. अकरा वर्षं या मजल्यावरच्या खोल्या मी करते, मॅनेजर तीन झाले, मी तीच आहे. ट्रॉली दारात आडवी आली आहे ना, तिचं एक चाक अडकतं, तुम्ही कितीही ओढलीत तरी हलायची नाही. मी ओढेन तेव्हा हलेल. आणि साहेब न्हाणीत आहेत — पाणी वाजतंय. वाजू दे. पुरुषाची अंघोळ लांबली की बाईला चार शब्द बोलता येतात. काय? ते नंतर सांगा. मी एकदा सुरू झाले की मध्ये कुणी बोललेलं मला चालत नाही, आज तर मुळीच नाही. पडदा राहू दे तसाच. ऊन येतं.

ही शिट्टी ऐकलीत? पहिली. तो तीन मारतो. पावणेअकराला एक, मग जरा थांबून दुसरी, अकराच्या ठोक्याला तिसरी, आणि तिसरीनंतर सख्ख्या बापासाठी थांबायचा नाही. पाहुणे आले तर पाहुणे, नाही तर पिण्याच्या पाण्याचे कॅन घेऊन एकटा निघतो — पलीकडच्या छोट्या बेटावर नव्या झोपड्या बांधतायत, तिथल्या मजुरांना रोज पाणी पोचवावं लागतं. म्हणजे तुम्ही गेला नाहीत तर त्याचं काही अडत नाही. तुम्ही फक्त तिसरी शिट्टी होईपर्यंत या खुर्चीत बसा. मग मी ट्रॉली काढते, मग तुम्ही हवं तिकडं जा. एवढंच माझं म्हणणं. का ते विचारू नका.

विचारलंतच.

तुम्ही माझ्या मनगटाला मलम लावलंत म्हणून. सोमवारी तुम्ही आलात, मी टॉवेल ठेवायला आले, तर तुम्ही म्हणालात, मनगट सुजलंय तुमचं, बसा जरा — आणि स्वतःच्या बॅगेतून मलम काढलंत. अकरा वर्षांत या खोलीत मला ‘बसा’ म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. नाही तर आम्ही दिसतो कुठं पाहुण्यांना? त्यांना वाटतं चादर आपली आपणच ताणली जाते. तेव्हा मी म्हणाले, पायरीवरून पडले. खोटं बोलले. पायरीला मुठी नसतात.

तो बोटवाला — काल तुम्हीच जिन्यात म्हणालात ना, किती हसरा माणूस आहे — बोटीवर पिवळ्या रंगानं लिहूनच ठेवलंय त्यानं, ‘हसरा मामा’ — तो माझा नवरा. वीस वर्षं झाली. बघा, कसं झालं तुमचं तोंड. सगळ्यांचं असंच होतं, म्हणून मी सांगत नाही. बत्तीसच्या बत्तीस दात पाहुण्यांसाठी आणि मुठी घरच्यांसाठी, अशी वाटणी आहे त्याची. आई म्हणायची, पदरी पडलं आणि पवित्र झालं. झालं, हो. इतकं पवित्र झालं की दोन दाढा ताटात थुंकल्या मी. त्याच्या खांद्यावरचा तो डाग पाहिलात? शार्क चावला म्हणून सांगतो, लोक फोटो काढतात. तुम्हीही काढलात? दाखवा. हा, हाच. हा तवा आहे. गरम तवा, माझा. मी काही गरीब गाय नाही ताई, समजू नका तसं. पण तवा एकदाच हाताशी असतो, त्याचे हात रोज असतात.

आधी बरं होतं म्हणायचं. दिवसभर तो पाहुण्यांपुढं हसायचा, हसून हसून जबडा दुखायचा, घरी आला की एखादी कानाखाली द्यायचा आणि झोपायचा. एवढं कुणाला चुकलंय? मग साथ आली आणि बेट बंद झालं. दोन वर्षं. हॉटेलला कुलूप, बोट वाळूवर, दुकानांच्या पाट्या उतरवलेल्या — आणि हसायला समोर कुणी नाही. तो दारात बसून समुद्राकडं बघायचा, बघता बघता उठायचा, आणि आम्हाला उठण्यावरून कळायचं. वल्ह्यानं मारायचा. मोडलं एकदा माझ्या पाठीवर, तर वल्ह्यासाठी रडला — शप्पथ, खाली बसून रडला, चांगलं लाकूड होतं म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, ती नुसती म्हण नव्हती, आमच्याकडं तोंड दाबायला वेगळी उशी होती. शेजारीण भिंतीपलीकडून ऐकायची. दुसऱ्या दिवशी विचारायची, काल काय ठोकत होता गं तुमचा? मी सांगायची, खिळे.

मी सगळ्यांसारखंच म्हटलं, पाहुणे येऊ देत, सगळं ठीक होईल. आले की. तुम्ही आलात, तुमच्या आधीचे आले, सगळ्या खोल्या भरल्या, मॅनेजरनं पोरांना नवे शर्ट दिले, धक्क्याला रंग लावला. सगळे म्हणतायत, सुटलो एकदाचे. आणि तो घरी कसा आला माहीत आहे? मारायचं नवं निमित्त शिकून आला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ती खोटी नाही म्हण.

माझी पोरगी. सतराची आहे. खाली कपड्यांच्या खोलीत टॉवेलचे हंस करते — तुमच्या पलंगावर पहिल्या दिवशी दोन बसले होते, मानेला मान लावून, ते तिचे. डाव्या बाजूनं हाक मारलीत तर वळणार नाही, तो कान गेला, बापाच्या पंजानं गेला. तर याच्या डोक्यात आलं की बोटीवर पोरगी हवी. पलीकडच्या बोटीवर एकीला ठेवलंय ना, तशी. फळं कापून द्यायला, पाहुण्यांचा हात धरून चढवायला, हसायला. पोरगी नाही म्हणाली. एवढंच म्हणाली — नाही. गेल्या शनिवारी, भर दुपारी, त्यानं तिला बोटीच्या कडेला नेलं, केसांत हात घातला आणि डोकं पाण्यात. वर काढलं, म्हणाला, हस. नाही हसली. पुन्हा आत. मी धक्क्यावरून धावत होते आणि धावताना मोजत होते, का मोजत होते देवालाच ठाऊक — एकतीस झाले. एकतीस, ताई. तुम्ही मोजून बघा, श्वास धरून, मी थांबते.

मी पोचले तेव्हा ती हसत होती. नाकातून पाणी गळतंय, ओठ निळे, आणि दात दाखवतेय. आणि तो म्हणाला, बघ, येतंय की. मी त्याच्यावर गेले, मनगट तेव्हाच गेलं. येत्या सोमवारपासून तिला बोटीवर जायचं ठरलंय. शर्टसुद्धा आणलाय तिला, पिवळा.

दुसरी झाली. बसा. बसा म्हटलं ना — काय दाखवताय सारखं न्हाणीकडं? करू दे त्यांना निवांत, बाहेर आले की मी त्यांनाही बसवते. जाकीट? कसलं जाकीट घेऊन बसलात, काल मोठ्या हौसेनं घालून बघितलंत तुम्ही दोघांनी, ते बोटीवरचं नारिंगी. त्या जाकिटांचं ऐका. दोन वर्षं शेडमध्ये पडली होती, आतला फोम उंदरांनी खाल्ला. नवी कोण आणणार? हॉटेलच्या जुन्या उशा फोडल्या, त्यांचा कापूस भरला आणि वरून शिवून टाकली. कुणी शिवली? मीच. त्यानं समोर उभं राहून शिवून घेतली. कापूस पाणी कसा पितो ते बघितलंय कधी? पाच मिनिटांत दगड. ते घालून पाण्यात पडण्यापेक्षा नागडं पडलेलं बरं.

नाही, पडणार का म्हणजे — कुणी पडणार नाहीये. तुम्ही इथं बसलाय ना.

आणि त्याला पोहता येत नाही. हसू येतंय? इथल्या निम्म्या बोटवाल्यांना येत नाही. म्हणतात, बोट असताना पोहायचं कशाला.

तुम्हाला माहीत आहे, पाहुणे गेले की मागं काय राहतं? साबण. दोन दिवस वापरलेल्या वड्या. कुणी केस चिकटलेली, कुणी अर्धी, कुणी नुसती उघडलेली. आम्ही खोल्या करणाऱ्या बायका त्या पिशवीत गोळा करतो, घरी नेऊन भिजवतो, मळतो, नव्या वड्या पाडतो. सगळ्याच करतात. त्यामुळं मला शाळा चौथीपर्यंतच असली तरी साबण कळतो. या हॉटेलचा साबण मऊ आहे. समुद्राच्या थांबलेल्या पाण्यात मुठीएवढा गोळा अर्धा दिवस टिकतो. हलत्या पाण्यात पाऊण तास. मी दोरीला बांधून बघितलंय, तीनदा.

असंच सांगतेय. साबणाचं सांगतेय.

बोट आली की दुपारी वाळूवर ओढून ठेवतात. तळाला भोक असतं, आत साचलेलं पाणी निघून जायला, आणि त्याला लाकडाचं बूच. सकाळी पाण्यात ढकलायच्या आधी तो टाचेनं बूच ठोकतो, वर फळ्या टाकतो, फळ्यांवर चटई. वाकून बघत नाही कधी, वाकतो फक्त पाहुण्यांपुढं. काल दुपारी तो घोरत होता. मी बूच काढलं, करवतीनं कापलं, वरची टोपी ठेवली आणि खालचं — खालचं साबणाचं केलं. चहाच्या चोथ्यानं रंग दिला, लाकडासारखा. पोरीनं नाही, मी एकटीनं. पोरीला यातलं काही ठाऊक नाही, हे लक्षात ठेवा. पाऊण तासात बोट पोवळ्याच्या खडकांच्या पुढं असते, तिथं तळ दिसत नाही.

आज गुरुवार. गुरुवारी पाहुण्यांची फेरी नसते, नुसतं पाणी न्यायचं असतं, तो एकटा असतो. म्हणून तर गुरुवार धरला मी. आणि सकाळी काउंटरवर मॅनेजर म्हणतो, सात नंबरच्या जोडप्यानं खास फेरी ठरवली आहे. तुम्हीच सात नंबर. सगळे सोडून तुम्हीच. तोवर बोट पाण्यात गेलेली, बूच खाली, वर फळ्या, वर चटई, आणि तो चटईवर बसून दात घासतोय. मी काय करणार होते? म्हटलं, बाईला खोलीत धरून ठेवू, चादर बदलू, झाडू मारू, तोंडाला येईल ते बोलू. जाईल एकटा. कुणाला काय कळणार? समुद्र आहे, नेतो माणसं. मी रडेन, मला रडता येतं.

आता बोलले सगळं. बोलायचं नव्हतं. तुम्ही अशा टक लावून ऐकता, माणूस बोलत सुटतो. पण तुम्ही बाई आहात. तुम्ही मलम लावलंत. तुम्ही रविवारी जाल आणि विसराल. विसराल ना? 

उठू नका. रडताय कशाला, त्याच्यासाठी? वेड्या आहात. पाच मिनिटं राहिलीत, साहेबांना हाक मारते, पाणी किती वाया घालवतात हे — साहेब, आटपा. साहेब. दार लावलंसुद्धा नाही यांनी, उघडंच —

ताई, इथं कुणी नाही. नळ चालू आहे बादलीत. तुमचा पोहायचा पोशाख भिजतोय.

साहेब कुठं आहेत?

मला काय माहीत तुम्ही हेच सांगत होतात. पुढं? पुढं कशाला गेले — पुढची जागा धरायला? आख्ख्या बोटीत दोघं जण, जागा कसली धरायची? कधी गेले? मी यायच्या आधी. म्हणजे मघापासून तिथं आहेत ते. चटईवर. जाकीट घालून.

ही तिसरी.

तो थांबणार नाही. तुम्ही आला नाहीत तर साहेबांना म्हणेल, बाईमाणसाला तयारीला वेळ लागतो, आपण पाणी टाकून येऊ, परत येऊन घेऊ त्यांना. आणि हसेल. ऐका, इंजिन. सोडा मला, पडदा काढा — ते बघा, नारिंगी दिसतंय. हात हलवतायत तुम्हाला. ताई, हात नका हलवू, त्यांना वाटेल तुम्ही टाटा करताय. ही चादर घ्या, गच्चीत जा, चादर हलवा आणि ओरडा. माझ्या ओरडण्यानं तो वळत नाही, वीस वर्षांत वळला नाही. पाहुण्यांचं ऐकतो तो. जाकीट काढा म्हणावं साहेबांना, आधी जाकीट. मी धक्क्यावर जाते, पलीकडच्या बोटवाल्याला उठवते, पाऊण तास आहे आपल्याकडं, पोचू. आणि बुचाचं काही बोलू नका, मी काही तरी —

नाही. बोला. बुचाचंच बोला. नाही तर त्याला वाटेल तुमची टोपी राहिली. त्याला हाक मारून ओरडा, त्याच्या बायकोनं बूच कापलंय म्हणा, तिनं कबूल केलंय म्हणा. मग वळेल. तुमच्या साहेबांसाठी नाही वळला तरी मला मारायला तो नक्की वळेल. सरका, ट्रॉली काढू द्या मला.