रक्तवाढीची गोळी

आई : ताट दाराबाहेर ठेवलंय. पोळी पार गार झाली.

अबोली : भूक नाही म्हटलं ना. दहादा सांगायला लावू नकोस.

आई : दहादा कुठं, दोनदाच तर विचारलं. सकाळी साडी नेसून सेमिनारला गेलीस आणि तासाभरात परत. झालं काय?

अबोली : संपलं. पीएच.डी. संपली.

आई : म्हणजे पास?

अबोली : सोडली. धोळकियासरांनी साधा प्रश्न विचारला, सँपल पुन्हा का नाही तपासलं म्हणून. मी सगळ्यांसमोर ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, तुम्हाला मला छळायचंच आहे, काढून टाका माझं नाव.

आई : अगं बाई! स्वतःच्या गाइडवर? ज्या माणसानं तुला मुलीसारखं...

अबोली : माहीत आहे मला!

आई : काय म्हणाले ते?

अबोली : चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, 'सारू, बेन.' ठीक आहे, बाई. एवढंच. इतकी वर्षं मला 'बेटा' म्हणत होते.

आई : दार उघड ने.

अबोली : उघडंच आहे. नुसतं लोटलंय.

(आई आत येते. भर दुपारी खोलीचे पडदे ओढलेले आहेत.)

आई : अंधार करून काय बसलीस? तुझे ते... वाईट दिवस आहेत का?

अबोली : तेच तर! नसायला हवेत. डॉक्टर नीराबेन काय म्हणाल्या होत्या? पाळीच्या आधी तुझ्या डोक्यात हे काळं साचतं, आजार आहे तो, पाळी आली की निवळतो. नावही सांगितलं, पीएमडीडी. तू म्हणालीस, आमच्या वेळी नव्हती असली नावं.

आई : म्हणाले खरी.

अबोली : मला केवढा आधार होता त्या नावाचा! म्हणून तर सेमिनारची तारीख मी मागून घेतली. तोवर पाळी येऊन गेलेली असेल, डोकं ताळ्यावर असेल. सर हसले, म्हणाले, मुहूर्त काढलास की काय? आणि ती आलीच नाही. काळं मात्र वाढतच गेलं. म्हणजे पाळीशी संबंधच नाही. आजारबिजार काही नाही. मी आहेच अशी.

आई : असं बोलू नये गं.

अबोली : येताना नदीवर, काळाघोड्याच्या पुलावर रिक्षा थांबवली मी.

आई : कशाला?

अबोली : खाली बघत उभी राहिले. वाटलं, जन्मभर हेच असेल तर... मग रिक्षावाल्यानं हाक मारली, 'बेन, मगर देखाय छे?' नदीतल्या मगरी बघतेय वाटलं त्याला. आले परत.

आई : अबोली. एक सांगायचंय. रागाव हवं तर.

अबोली : काय?

आई : सकाळची गोळी. रक्तवाढीची म्हणून देत होते ती.

अबोली : तिचं काय?

आई : रक्तवाढीची नव्हती. अडचण पुढं ढकलायची होती. गौरी होत्या ने. तुझे बाबा गेल्यापासून मी मुखवट्यांना हात लावत नाही, गौर तूच आणतेस. तू बाजूला बसली असतीस तर तुझ्या काकू गौरी त्यांच्या घरी, गोरव्याला घेऊन गेल्या असत्या. एकदा गेल्या की परत येतात होय?

अबोली : मला विचारायचंस.

आई : तू नाही म्हणाली असतीस. आणि देवाशपथ, मला वाटलं तुझंही भलंच होईल. अडचण पुढं गेली की त्रासही पुढं जाईल, सेमिनार सुखरूप पार पडेल.

अबोली : त्रास आधीचा असतो, आई. आधीचा! तू तो लांबवत नेलास. रोज सकाळी, दुधाच्या कपाबरोबर.

आई : हो.

अबोली : मी गौर हातात घेऊन उंबऱ्यात उभी होते. तू विचारत होतीस, कशाच्या पावलांनी आली? मी म्हणत होते, सोन्याच्या. आणि मनात म्हणत होते, जाताना मलाही ने.

आई : नको गं... नको.

अबोली : म्हणजे सरांवर ओरडली ती... मी नव्हे?

आई : नव्हे. उरलेल्या गोळ्या टाकून दिल्यात मी. येईल आता.

अबोली : तोवर मी अशीच असणार. तुला काहीबाही बोलेन.

आई : बोल. नीराबेनना आत्ताच फोन लावते. सगळं सांगते, पुलाचंही. आणि मी तुला सोडून कुठं हलत नाही.

अबोली : सरांना काय सांगू मी?

आई : तू नको. तुला घेऊन जाते आणि मीच बोलते.

अबोली : तू? घरात पुरुषमाणूस असला की टीव्हीवरची नॅपकिनची जाहिरात बंद करतेस!

आई : अडचण म्हटलं तर कळेल ना त्यांना?

अबोली : नाही कळणार. गुजरातीत मासिक म्हणावं लागेल.

आई : म्हणेन.

अबोली : तरी परत घेणार नाहीत ते. सगळ्यांसमोर झालंय.

आई : नाही तर नाही. पण तू अशीच आहेस असं त्यांच्या मनात राहायला नको. चूक माझी, पोरीची नाही, एवढं तरी कळू दे. ऐक, जमतंय का बघ. 'साहेब, वांक मारो छे. मारी दीकरीनो नथी.'

अबोली : पुन्हा म्हण.