मागचे स्कॅन

स्कॅनच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं.

“अहो, तुमची एवढीशी गाठ वाढली की नाही, हे डॉक्टरांना कळतं कसं?”

“आता कॉम्प्युटर मोजतो. फुप्फुसाचा जुना स्कॅन नव्याशेजारी ठेवतो आणि नेमकी तीच गाठ शोधतो. केसभर फरकही सुटत नाही त्याच्याकडून.”

“वाढली असेल का हो?”

“छे! चार वेळा मोजलीय त्यानं. आहे तशीच आहे.”

“चार वेळा? आजचा दुसराच स्कॅन म्हणाला होतात ना?”

आजोबांनी मांडीवरची फाइल काखेत धरली.

“किती वर्षं झाली?”

“तीन. तुझ्या जिवाला उगाच घोर नको, म्हणून...”

“म्हणजे त्या कॉम्प्युटरला तीन वर्षं माहीत आहे. आणि तुमच्या पथ्याचं रांधणाऱ्या मला नाही.”

“हळू बोल गं.”

“फाइल द्या इकडे. चष्मा लावते. पहिल्या कागदापासून वाचणार आहे मी.”